गावचा परिसर, हालचाल आणि नैराश्य: पाहणी कोणत्या क्रमाने करायची

गावाच्या परिसराचा तिथल्या माणसांच्या हालचालीशी आणि मनःस्थितीशी काय संबंध आहे, हे पाहायला निघालेल्या पाहण्या बहुधा क्रम चुकल्यामुळे फसतात. नैराश्याची प्रश्नावली पहिल्याच दिवशी घरोघर वाटली जाते. हालचालीबद्दल "व्यायाम करता का?" एवढंच विचारतात. परिसराचं काय ते शेवटी नकाशा बघून लिहिलं जातं. आधी कळस मग पाया असा हा प्रकार, आणि त्यातून निघणारा निष्कर्षही ठरलेला: गावातले लोक दिवसभर राबतात, हवा चांगली आहे, म्हणजे इथे परिसराचा प्रश्न नाही. घर आणि शेत यांच्यापलीकडे जिचं पाऊल पडत नाही अशी बाईही या हिशेबात 'भरपूर सक्रिय' ठरते आणि तिची उदासी कागदावर कुठेच येत नाही.

पुढचे टप्पे आरोग्य कार्यकर्ते, समाजकार्याचे विद्यार्थी आणि स्वतःच्या वस्तीसाठी काही करू पाहणारे गट यांच्यासाठी आहेत. क्रम बदलू नका.

टप्पा १: कोणतं नातं शोधायचं ते एका वाक्यात लिहा

इथे गोष्टी तीन असल्या तरी नाती निरनिराळी आहेत. परिसरामुळे हालचाल वाढते किंवा घटते. हालचालीचा मनावर परिणाम होतो. आणि परिसर थेट मनावरही काम करतो: भेटीगाठींची जागा, सावली, गोंगाट, अंधाराची भीती. शिवाय नैराश्य आलेला माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणजे बाण उलटाही फिरतो. यातलं काय तपासायचं हे आधी ठरलं नाही, तर शेवटी हाती आलेल्या आकड्यांना हवा तो अर्थ लावला जातो.

हालचाल आणि नैराश्य यांच्या नात्यावर सर्वांत जास्त काम झालं आहे. २०२२ साली 'जामा सायकिॲट्री' या नियतकालिकात १५ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात १ लाख ९० हजारांहून जास्त माणसांची माहिती होती. आठवड्याला अडीच तास झपझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये नैराश्याचा धोका, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, २५ टक्के कमी दिसला. त्याच्या निम्मी हालचाल करणाऱ्यांमध्येही तो १८ टक्के कमी होता. फायद्याचा मोठा वाटा 'काहीच नाही' पासून 'थोडं काहीतरी' या पहिल्याच पायरीवर आहे, हे इथे लक्षात घ्यायचं. तुमच्या वाक्यात त्या पायरीखाली राहिलेली माणसं आली पाहिजेत. चालणाऱ्यांना आणखी चालवणं हा या पाहणीचा हेतू नाही.

वाक्य असं असू शकतं: "रस्त्याला कडेला चालायला जागा नसलेल्या वस्तीत साठीपुढच्या स्त्रिया मोकळ्या वेळात कमी बाहेर पडतात का, आणि कमी बाहेर पडणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त आहेत का?" यात जागा आहे, माणसं आहेत, हालचालीचा प्रकार आहे. "ग्रामीण परिसर आणि आरोग्य" हे वाक्य नव्हे, नुसतं शीर्षक आहे.

टप्पा २: मदतीची सोय आधी, प्रश्न नंतर

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं. नैराश्याच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न असतो. समोरच्या माणसानं "हो, रोज येतो" असं सांगितलं आणि तुम्ही टिकमार्क करून पुढच्या घरी गेलात, तर त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

पाहणीच्या आधी या गोष्टी हातात हव्यात:

१. जवळच्या कोणत्या दवाखान्यात नैराश्यावर उपचार मिळतात, कोणत्या वारी, किती वाजता. तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.
२. मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. तो स्वतः लावून पाहा. कोणत्या भाषेत बोलतात, रात्री उचलतात का, हे कळल्याशिवाय कुणाला देऊ नका.
३. धोका दिसला तर त्याच दिवशी कोण सोबत थांबेल आणि दवाखान्यात कोण नेईल, याचं ठरलेलं नाव.
४. तिथपर्यंत जायला वाहन. शेवटची गाडी दुपारीच सुटत असेल, तर संध्याकाळी मुलाखत घेणाऱ्याला याचा विचार आधी करावा लागेल.

आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. शांतपणे, सरळ शब्दांत विचारलं की बहुतेकांना मोकळं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर प्रश्नावली तिथेच थांबवा. विचार किती वेळा येतो, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, हे विचारा आणि माणसाला एकटं सोडू नका. शेतीच्या भागात कीटकनाशक घरातच असतं. घरच्यांच्या मदतीनं ते कुलपात किंवा घराबाहेर ठेवणं हे पहिल्या तासाचं काम आहे.

इशारा: संमती प्रत्येकाची वेगळी घ्या. घरातल्या एकानं "विचारा की सगळ्यांना" म्हटलं म्हणजे सगळ्यांची संमती झाली असं नाही.

टप्पा ३: 'परिसर' कुठपर्यंत, ते माणसांकडून काढा

शहरातल्या अभ्यासांत घराभोवती दहा मिनिटं चालण्याइतकं, म्हणजे साधारण ८०० मीटरचं वर्तुळ धरायची पद्धत आहे. गावात हे वर्तुळ फसवं ठरतं. विखुरलेल्या वस्तीत त्या ८०० मीटरमध्ये फक्त पिकं असतात. दाट गावठाणात सगळं गाव त्यात बसतं, पण प्रत्येक जण सगळ्या गावात फिरत नाही. कार्यालयात बसून वर्तुळं काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

त्याऐवजी वेगवेगळ्या वयाच्या स्त्री-पुरुषांना कोऱ्या कागदावर घर काढायला सांगा आणि मागच्या आठवड्यात पायी कुठे गेलात ते दाखवायला सांगा. मग दुसऱ्या रंगानं, जिथे जावंसं वाटतं पण जात नाही त्या जागा. स्त्रियांचे आणि पुरुषांचे कागद शेजारी ठेवले की परिसर एकच नसतो हे लगेच दिसतं. तरुणाचा कागद पार नदीपर्यंत जातो, त्याच्या आईचा पाण्याच्या नळापाशी संपतो.

पडताळा: कागद काढणाऱ्यांत घराबाहेर सहसा न पडणारं माणूस एकही नसेल, तर पुढे जाऊ नका. चौकात भेटलेल्यांकडून परिसर समजून घेतला, तर जे चौकात येत नाहीत तेच सुटतात, आणि आपल्याला नेमकं त्यांच्यासाठीच हे सगळं करायचं आहे.

टप्पा ४: पायी पाहणी

तयार साधनं आहेत, पण ती निवडून घ्या. 'नेबरहुड एन्व्हायर्नमेंट वॉकेबिलिटी स्केल' ही नावाजलेली प्रश्नावली अमेरिकेतल्या शहरी वस्त्या डोळ्यांपुढे ठेवून तयार झाली. फूटपाथ, दुकानांची दाटी, चौकांची संख्या हे तिचे कणे आहेत. ती जशीच्या तशी गावात वापरली तर प्रत्येक गाव नापास होतं आणि दोन गावांतला फरक दिसत नाही. ग्रामीण वस्त्यांसाठी 'रुरल ॲक्टिव्ह लिव्हिंग असेसमेंट' हे साधन आहे. त्यात रस्त्याच्या तुकड्यांबरोबर गावातल्या सोयी, उपक्रम आणि धोरणंही पाहिली जातात. मात्र तेही अमेरिकेतच घडलेलं असल्यामुळे आपल्या रस्त्यांनुसार त्यात बदल करावे लागतात.

काम असं करा. टप्पा ३ मधल्या वाटा तुकड्यांत तोडा: वळणापासून पुलापर्यंत, पुलापासून शाळेपर्यंत. प्रत्येक तुकडा दोघांनी स्वतंत्रपणे पाहायचा, एकमेकांचे कागद न बघता. त्यातली एक स्त्री असावी. प्रत्येक तुकड्यासाठी नोंदी:

- रस्त्याच्या कडेला पाय ठेवायला जागा आहे का, वाहनं किती वेगात जातात
- सावली आणि बसायला जागा कुठे आहे
- दिवे आहेत का, आणि लागतात का
- कुत्री, मोकाट जनावरं, झुडपांचा आडोसा
- पावसात चिखल होतो का, ओढा ओलांडता येतो का
- वाटेत स्वच्छतागृह आहे का (म्हाताऱ्या माणसांच्या आणि स्त्रियांच्या फिरण्याला याचा किती अडसर होतो, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही)
- वाटेच्या टोकाला जाण्यासारखं काही आहे का
- त्या वेळी तिथे कोण दिसतं, कोण दिसत नाही

शेवटची नोंद सर्वांत मोलाची आहे. नुसता "रस्ता चांगला" हा शेरा काही सांगत नाही. एका तुकड्याची चांगली नोंद अशी दिसते: "डांबरी, खड्डे नाहीत. डाव्या बाजूची साइडपट्टी काटेरी झुडपांनी खाल्ली आहे, उजवीकडे चर. समोरून ट्रॅक्टर आला की चालणाऱ्याला चरात उतरावं लागतं. संध्याकाळी साडेसहाला तिघे मोटरसायकलवाले, चालणारे शून्य. पहाटे सहाला चार पुरुष, एकही स्त्री नाही." एवढ्यावरून काय दुरुस्त करायचं ते कळतं.

प्रत्येक तुकडा किमान पहाटे, भर दुपारी आणि अंधार पडल्यावर पाहायचा. भर दुपारची एकच फेरी मारून केलेली पाहणी फेकून द्या. त्या वेळी गावात तसंही कुणी फिरत नसतं.

नेहमीची चूक: हिरवळ दिसली की चांगला परिसर असं धरणं. उंच वाढलेलं पीक दोन्ही बाजूंना असलेली पाणंद बघायला सुंदर असते. एकट्या बाईला तीच वाट अडचणीची वाटते, कारण आत कोण आहे ते दिसत नाही. पीक काढल्यावर तिचं मत बदलतं, म्हणून प्रत्येक नोंदीवर महिना आणि उभं पीक लिहा.

टप्पा ५: हालचालीचे प्रकार वेगळे ठेवून मोजा

इथे सावकाश जा. बहुतेक गावांच्या पाहणीत सगळ्यात मोठी गफलत याच टप्प्यावर होते.

जागतिक आरोग्य संघटनेची 'जीपॅक' ही १६ प्रश्नांची प्रश्नावली हालचालीचे तीन कप्पे करते: काम (यात घरकामही येतं), ये-जा आणि मोकळ्या वेळातली हालचाल. बसून जाणारा वेळ वेगळा विचारते. तिन्ही कप्प्यांची बेरीज करून एकच आकडा काढायची सोय आहे, आणि तिथेच घात होतो.

उदाहरण घ्या. शेतात दिवसाला पाच तास मध्यम कष्टाचं काम, आठवड्याचे सहा दिवस. झाली १,८०० मिनिटं. मध्यम हालचालीला ४ हा गुणक असतो, म्हणजे ७,२०० मेट-मिनिटं (मिनिटांना हालचालीच्या जोराच्या गुणकानं गुणून येणारा आकडा). किमान अपेक्षा ६०० ची. बाई बारा पट 'सक्रिय' ठरली. आता शेजारीण तेवढंच काम करून संध्याकाळी आठवड्याचे पाच दिवस वीस मिनिटं मैत्रिणीबरोबर फिरते. तिचे ७,६००. बेरजेत या दोघींत जेमतेम साडेपाच टक्क्यांचा फरक. मोकळ्या वेळाच्या कप्प्यात मात्र एकीकडे शून्य, दुसरीकडे शंभर मिनिटं. बेरीज घेतली की सब घोडे बारा टक्के.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कष्टाचं काम आणि स्वतःच्या मर्जीनं केलेली हालचाल यांचा शरीर-मनावरचा परिणाम सारखा नसतो. कामातल्या हालचालीत वेग, वेळ, विश्रांती यांपैकी काहीच हातात नसतं. वाकून तासन् तास तेच काम, वर मजुरीची चिंता. मोकळ्या वेळातल्या हालचालीचा नैराश्य कमी असण्याशी जो संबंध अभ्यासांत दिसतो, तसा तो कामातल्या हालचालीत ठामपणे दिसत नाही. राबणाऱ्या माणसाला "तुम्हाला व्यायामाची काय गरज" म्हणणं त्याच्या थकव्यावर अन्याय करणारं आहे. त्याला आणखी कष्ट नकोत, हे खरंच आहे. पण मोकळेपणी, कुणासोबत, विनाकामाचं चालणं ही गोष्टच वेगळी.

विचारताना:

१. "साधारण आठवड्यात किती?" असं थेट विचारू नका. कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावा आणि तुम्ही नोंदी करा. मग कालचा दिवस नेहमीसारखा होता का ते विचारा.
२. मध्यम आणि जोरकस यांतला फरक बोलण्यावरून ठरवा. बोलता येतं पण गाता येत नाही, ती मध्यम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस.
३. प्रत्येक चालण्यामागे तीन बारीक प्रश्न: कुणासोबत, स्वतःहून की कामानं, परतल्यावर कसं वाटलं.
४. हंगाम लिहा. पेरणी-काढणीच्या दिवसांतले आकडे आणि रिकाम्या महिन्यांतले आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

पावलं मोजणारी यंत्रं वापरणार असाल तर त्यांच्या मर्यादा ओळखा. कमरेवरच्या यंत्राला सायकल जवळजवळ कळत नाही. डोक्यावरच्या ओझ्याचं वजन कळत नाही. एका जागी बसून खुरपणं त्याला बसणं वाटतं. साधारणपणे सात दिवस यंत्र लावून, त्यातले किमान चार दिवस दिवसाला दहा तास लावलेलं असेल तरच माहिती धरतात.

पडताळा: तुमच्या तक्त्यात 'मोकळ्या वेळातली हालचाल' हा स्वतंत्र रकाना आहे का? नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

टप्पा ६: नैराश्याची लक्षणं विचारा

'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली सोयीची आहे. मागच्या दोन आठवड्यांत प्रत्येक लक्षणाचा किती वेळा त्रास झाला, त्याला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, वीसपासून तीव्र. दहा किंवा त्यापुढे गुण असतील तर माणूस डॉक्टरांकडे गेला पाहिजे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्याखेरीज काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी टप्पा २ लागू होतो.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. "गावात इतक्या टक्के लोकांना नैराश्य आहे" असं अहवालात लिहू नका. "इतक्यांना पुढची तपासणी हवी" असं लिहा.

तयार मराठी आवृत्ती वापरा, ऐनवेळी तोंडी भाषांतर करू नका. मुलाखत घेणारा बदलला की शब्द बदलतात आणि गुणही. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवा, पण समजावताना उत्तर सुचवू नका.

थकवा, झोप आणि भूक यांचे प्रश्न कष्टकरी माणसाबाबत जपून समजून घ्या. काढणीच्या दिवसांत थकवा सगळ्यांनाच येतो. त्यामुळे पहिले दोन प्रश्न, कशात रस न वाटणं आणि मन खिन्न असणं, यांचे गुण वेगळे लिहून ठेवा. उलटही घडतं: "मन उदास आहे का" याला "नाही" म्हणणारा माणूस अंगदुखी, डोकं जड, छातीत धडधड असं बराच वेळ सांगत राहतो. ते ऐकून घ्या आणि समासात लिहा.

मुलाखत एकांतात. घरच्यांच्या कानावर शब्द जात असेल तर उत्तर खरं येत नाही. एकांत मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशी या.

इशारा: परिसराबद्दलचं मत आणि मनःस्थिती एकाच बैठकीत विचारत असाल, तर परिसर आधी. खिन्न माणसाला रस्ता, शेजार, अंधार सगळंच जास्त वाईट दिसतं. म्हणूनच टप्पा ४ मधली त्रयस्थ नोंद लागते. दोन्हींत तफावत आली तर त्या माणसाचं म्हणणं खोटं ठरवू नका. तफावत हीच माहिती आहे.

टप्पा ७: जुळवणी करताना हात आखडता घ्या

आता तीन तक्ते शेजारी ठेवा. काय दिसलं तरी लगेच 'यामुळे हे झालं' असं म्हणू नका. कर्ज, जुनं दुखणं, एकटेपणा, व्यसन, वय हे सगळं हालचालही कमी करतं आणि मनही खचवतं. निदान वय, लिंग, जुने आजार आणि घरची आर्थिक ओढाताण एवढं तरी विचारलेलं असावं, आणि त्या-त्या गटात वेगळं पाहावं.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. एका वस्तीतल्या शंभर माणसांना विचारलं तरी परिसर एकच पाहिला जातो. परिसरांची तुलना करायची तर वस्त्या जास्त लागतात, नुसती माणसं वाढवून भागत नाही. दोनच वस्त्या असतील तर टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणसांचं म्हणणं नीट लिहा. एकदाच केलेल्या पाहणीतून बाणाची दिशा कळत नाही. त्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हा जावं लागतं.

टप्पा ८: एकच अडथळा निवडा

लांबलचक मागणीपत्र तयार करू नका. पुढच्या तिन्ही कसोट्यांना उतरणारा अडथळा घ्या: न चालणाऱ्यांनी स्वतः सांगितलेला, त्रयस्थ नोंदीत दिसलेला, आणि एका हंगामात दूर होण्यासारखा. साइडपट्टीवरची झुडपं काढणं, बंद दिवे सुरू करणं, अर्ध्या वाटेवर सावलीत बसायची जागा, शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं ठेवणं ही अशी कामं. पावणेदोन किलोमीटरचा चकचकीत जॉगिंग ट्रॅक गावाबाहेर बांधला आणि तिथपर्यंत पोचायला तोच धोक्याचा रस्ता असला, तर तो पहाटेचे चार पुरुषच वापरतील.

जागा नीट झाली की माणसं आपोआप येतात, असंही होत नाही. विशेषतः खचलेल्या माणसाला इच्छा होण्याची वाट बघायला लावू नका. नैराश्यात इच्छाच आधी जाते. वेळ ठरवा, दारात कुणीतरी बोलवायला जाऊ दे, दहा मिनिटांचं अंतर धरा आणि "बरं वाटलं का?" असं रोज विचारू नका. एखाद्या दिवशी फक्त फाटकापर्यंत आलं तरी ते धरायचं. सवय बसल्यावर अंतर वाढवा. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सुचवली आहे, पण सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट आता नाही. थोडं थोडंही चालतं.

इशारा: चालायला लागलं म्हणून गोळ्या किंवा समुपदेशन बंद करायचं नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. मध्यम आणि त्यापुढच्या नैराश्यात चालणं हे उपचारांच्या जोडीला असतं, त्यांच्या जागी नाही.

टप्पा ९: त्याच हंगामात पुन्हा जा

पहिली नोंद उन्हाळ्यात आणि दुसरी सुगीत घेतली, तर फरक हवामानाचा आणि कामाचा पडेल. वर्षानं, त्याच महिन्यात, त्याच माणसांकडे, त्याच प्रश्नांनिशी जा. तुकड्यांच्या नोंदीही पुन्हा करा, त्याच वेळांना.

फक्त फिरायला येणाऱ्यांना विचारून यश मोजू नका. जे कधी आले नाहीत आणि जे मध्येच यायचे थांबले, त्यांची यादी वेगळी काढा. थांबलेल्यांच्या घरी सर्वांत आधी जा. पाय दुखत असेल, घरी आजारपण असेल, कुणीतरी वाटेत काही बोललं असेल. पण थांबणं हे कधीकधी नैराश्य वाढल्याचं पहिलं लक्षण असतं, म्हणून त्या दिवशी टप्पा २ मधली नावं आणि नंबर खिशात ठेवूनच निघा.